चौदाशे चाळीसचे सतराशे पन्नास

आयटीआय इलेक्ट्रिशियनच्या सर्टिफिकेटला अमेरिकेतल्या कॉलेजात किती क्रेडिट (पदवीसाठी मोजतात ती अभ्यासाची एककं) मिळतात, हे मला गेल्या दोन महिन्यांत चार जणांनी विचारलं. चौघंही माझ्यासारखेच, बहीण-भावाच्या अर्जावर चाळिशी उलटल्यावर इकडे आलेले. उत्तर आहे शून्य. त्या शून्यापासून असोसिएट डिग्रीपर्यंत, म्हणजे कम्युनिटी कॉलेजच्या दोन वर्षांच्या पदवीपर्यंत, कसा गेलो ते एकदा सविस्तर लिहून टाकतो, म्हणजे फोनवर परत परत सांगायला नको.

माझं थोडक्यात. मी जुन्नर तालुक्यातला. १९९६ला बारावी सायन्स, टक्के सांगण्यासारखे नाहीत. मग दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियन ट्रेड, एक वर्ष अप्रेंटिस, आणि पुढं भोसरी एमआयडीसीत बावीस वर्षं मेंटेनन्स. प्रेस शॉप, पॅनल, मोटरी, क्रेन. अमेरिकेतल्या ताईनं २००५ मध्ये आमच्यासाठी ग्रीनकार्डचा अर्ज भरला होता. भावंडांची रांग भारतीयांसाठी किती लांब असते हे ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. आमचा नंबर लागेपर्यंत २०२२ उजाडलं. जूनमध्ये मी, बायको आणि सोळा वर्षांची मुलगी न्यू जर्सीत उतरलो. मी चव्वेचाळीसचा.

पहिलं काम मिळालं गोदामात, रात्रपाळीचं. खोकी उचलून कन्व्हेयरवर ठेवायची. ऑक्टोबरमध्ये एका रात्री कन्व्हेयर बंद पडला. तंत्रज्ञ यायला चाळीस मिनिटं लागली. तो आला, पॅनल उघडलं, आणि मी खोकं हातात धरून त्याच्या मागं उभा. ओव्हरलोड रिले, म्हणजे भार जास्त झाला की मोटर तोडणारं उपकरण, ट्रिप झालाय हे मला तिथून दिसत होतं. त्याला दिसायला अजून दहा मिनिटं गेली. नंतर ब्रेकमध्ये मी त्याला सांगितलं की हे काम मी बावीस वर्षं केलंय. त्यानं चांगल्या मनानं विचारलं, "मग कागद कुठाय?" मी आयटीआयचं नाव घेतलं. त्याला आयआयटी ऐकू आलं. तो एकदम सावरून बसला, मग मलाच तो गैरसमज दूर करावा लागला.

दाजी म्हणत होते ट्रकचं लायसन्स काढ. ताईच्या ओळखीतले एक जण म्हणाले एसी-हीटिंगचा कोर्स कर. इलेक्ट्रिशियनचं लायसन्स हा सरळ रस्ता वाटतो, पण ते राज्याचं असतं आणि त्यासाठी अप्रेंटिस म्हणून पुन्हा चार-पाच वर्षांचे तास भरावे लागतात. मला घरांच्या वायरिंगमध्ये जायचंही नव्हतं. मला मशीन हवी होती. त्या तंत्रज्ञानंच इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी हे नाव सांगितलं. कम्युनिटी कॉलेजमध्ये असते, पूर्णवेळ केली तर दोन वर्षांची, साधारण ६० क्रेडिटची. आपल्या पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाची चुलत बहीण समजा. नुसतं 'इंजिनिअरिंग' आणि 'इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी' यांत इथं फरक करतात. पहिल्यात कॅल्क्युलस आणि डिझाइन जास्त, दुसऱ्यात लॅब आणि हातकाम जास्त. ही पदवी घेतली म्हणजे इलेक्ट्रिशियनचं लायसन्स मिळालं असं नाही, हे मात्र आधीच डोक्यात पक्कं करा. आणि कोर्सला एबीईटीची, म्हणजे इंजिनिअरिंगचे कोर्स तपासणाऱ्या संस्थेची, मान्यता आहे का ते बघा. पुढं बॅचलर करायची झाली, तर तो प्रश्न येतोच.

कागदांना डिसेंबर २०२२ मध्ये हात घातला. कॉलेजला हवा होता शाळा पूर्ण झाल्याचा पुरावा. इथं बारावीला महत्त्व आहे, आयटीआयला नाही. ज्यांचं दहावी अधिक आयटीआय आहे त्यांना बहुतेक ठिकाणी आधी जीईडीची, म्हणजे इथल्या बारावीच्या तोडीची, परीक्षा द्यावी लागते. माझी बारावी होती म्हणून वाचलो. मार्कशीटचं मूल्यमापन नेसेस या, परदेशी शिक्षणाचं मूल्यमापन करणाऱ्या संस्थांच्या संघटनेच्या सदस्य संस्थेकडून करून आणा म्हणाले. टपालासकट १४० डॉलर आणि सहा आठवडे.

आणि तिथं घोळ झाला. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी असतं. मूल्यमापन करणाऱ्यांनी आडनावालाच माझं नाव केलं, आणि वडिलांचं नाव झालं आडनाव. कॉलेजनं त्यावरून खातं उघडलं. पासपोर्ट आणि ग्रीनकार्ड घेऊन रजिस्ट्रारच्या खिडकीवर दोनदा गेलो तेव्हा नोंद सुधारली, पण ईमेलचा पत्ता शेवटपर्यंत बदलला नाही. जवळजवळ अडीच वर्षं निम्मे प्रोफेसर मला आडनावानंच हाक मारत होते. शाळेत मास्तर मारायचे तसंच, त्यामुळं ओ द्यायला अडचण आली नाही. तुम्ही मार्कशीट पाठवाल तेव्हा सोबत पासपोर्टची प्रत आणि 'माझं पहिलं नाव हे, आडनाव हे' अशी एका ओळीची चिठ्ठी जोडा.

दुसरा घोळ पत्त्याचा. कम्युनिटी कॉलेज इथं काउंटीचं (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) असतं आणि काउंटीतल्या रहिवाशाला फी कमी. आमच्या काउंटीच्या कॉलेजात हा कोर्सच नव्हता, शेजारच्या काउंटीत होता. तिथं बाहेरचा म्हणून जास्त फी. मग कळलं की 'चार्जबॅक' नावाची सोय आहे. आपल्या कॉलेजनं 'हा कोर्स आमच्याकडे नाही' असं लिहून द्यायचं, आपल्या काउंटीनं 'हा आमचा रहिवासी आहे' असं लिहून द्यायचं, आणि मग शेजारी आपल्याकडून त्यांच्या रहिवाशाइतकीच फी घेतात. पण रहिवासी असल्याचा पुरावा काय? आम्ही ताईच्या घरात. वीजबिल दाजींच्या नावावर, पाण्याचं ताईच्या. माझ्या नावानं त्या घरात येत होती ती फक्त जाहिरातीची पत्रकं. शेवटी ड्रायव्हिंग लायसन्स, बँकेचं वर्षभराचं स्टेटमेंट आणि ताईनं नोटरीसमोर सही केलेलं पत्र एवढ्यावर काम झालं. इकडे उतरल्याच्या पहिल्या आठवड्यात बँक खातं काढा आणि स्टेटमेंट कागदावर मागवा. पर्यावरणाचं नंतर बघू.

फाफ्सा, म्हणजे केंद्र सरकारच्या शैक्षणिक मदतीचा अर्ज. ग्रीनकार्डवाल्याला तो भरता येतो. एच-४ व्हिसावर, म्हणजे एच-१बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, असणाऱ्यांना शिकता येतं, पण ही मदत मिळत नाही, हे मला बऱ्याच वहिनींनी विचारलं म्हणून सांगतो. २०२३-२४ च्या अर्जात २०२१चं उत्पन्न विचारतात. २०२१ला मी भोसरीत होतो. रुपयांचे डॉलर करून भरले, तर आकडा इतका लहान दिसला की मलाच शंका आली. त्यांनाही आली असावी, कारण माझा अर्ज पडताळणीला गेला. आयटीआरची प्रत, फॉर्म १६, रुपयांचे डॉलर कोणत्या दरानं केले त्याचा सही केलेला कागद, आणि त्या वर्षी अमेरिकेत कर भरलेला नाही असं आयआरएसचं, म्हणजे इथल्या आयकर खात्याचं, पत्र. शेवटच्या पत्रासाठी ४५०६-टी नावाचा फॉर्म टपालानं पाठवला. पाच आठवडे लागले. फॉर्म १६ साठी जुन्या कंपनीतल्या अकाउंटंटला रात्री दोनला फोन केला. त्यांची दुपार, माझा जेवणाचा ब्रेक. "अरे, अजून शिकतोयस?" म्हणून हसले, पण पीडीएफ दहा मिनिटांत आली.

पेल ग्रँट, म्हणजे केंद्राची परत न करायची मदत, त्या वर्षी जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर होती. मी पूर्णवेळ नसल्यानं मला त्या हिशेबात कमी. वर न्यू जर्सीची कम्युनिटी कॉलेज अपॉर्च्युनिटी ग्रँट. घरचं उत्पन्न ६५ हजार डॉलरच्या आत असेल आणि राज्यात बारा महिने राहिलेले असाल, तर पेलमधून न भागलेली ट्यूशन आणि फी त्यातून भरली जाते. माझे बारा महिने जूनमध्ये भरले, कॉलेज सप्टेंबरला. क्रेडिटला साधारण दोनशे डॉलर असा दर होता, म्हणजे ही मदत नसती तर विषयच संपला असता.

प्रवेशाआधी ॲक्युप्लेसरची चाचणी. संगणकावर, वेळेचं बंधन नाही, नापास कुणी होत नाही. फक्त कुठल्या वर्गापासून सुरुवात करायची ते ठरतं. गणितात मला वाटलं होतं साइन-कॉसाइन विचारतील. विचारले अपूर्णांक. पाच अष्टमांशातून तीन षोडशांश वजा करा, तेही कॅल्क्युलेटरशिवाय. आयुष्यभर दशांशात आणि मिलिमीटरमध्ये काम केलेल्या माणसानं तिथं चक्क बोटं मोजली. इंग्रजी निबंधाची सुरुवात मी "रिस्पेक्टेड सर" अशी केली, का ते अजून सांगता येत नाही. निकाल लागलीच पडद्यावर आला. इंग्रजीला नेहमीच्या वर्गासोबत एक जादा आधारवर्ग, गणिताला एक पायरी खालचा वर्ग. त्या खालच्या वर्गाचे क्रेडिट पदवीत धरत नाहीत, पण वेळ आणि ग्रँट दोन्ही खातात. म्हणून महिनाभर अभ्यास करून मगच चाचणीला बसा. सरावप्रश्न फुकट मिळतात. मी तसाच गेलो होतो, बावीस वर्षांच्या भरवशावर.

सप्टेंबर २०२३. वर्गात अठरा जण, त्यांतले पंधरा माझ्या मुलीच्या वयाचे. डीसी सर्किट्सच्या लॅबमध्ये माझा जोडीदार एकोणीस वर्षांचा, आईवडील डॉमिनिकन रिपब्लिकमधून आलेले. त्याला ब्रेडबोर्ड कसा जोडतात ते मी दाखवलं, त्यानं मला मल्टिसिम हे संगणकावर सर्किट चालवून बघायचं सॉफ्टवेअर कसं उघडायचं ते. ओहम्स लॉ, कर्चहॉफ, सगळं जुनं ओळखीचं. मनात म्हटलं, हे तर सोपंय.

पहिल्या लॅब रिपोर्टला शंभरपैकी बासष्ट.

झालं असं होतं. दहा व्होल्टच्या सप्लायवर एक किलोओहम आणि २.२ किलोओहमचे दोन रेझिस्टर सिरीजमध्ये. गणितानं करंट येतो ३.१२५ मिलिअँपिअर. मी मीटर लावला, ३.०६ आला. आता आयटीआयमध्ये जर्नल कसं लिहितात ते तुम्हाला माहीत आहे. उत्तर जे यायला हवं तेच रीडिंग. वरच्या बॅचचं जर्नल समोर ठेवून, सुबक अक्षरात. हातानं सवयीनं ३.१२५ लिहिलं, एररच्या रकान्यात शून्य. प्रोफेसरांनी लॅबमध्ये सगळ्यांसमोर नाही, बाजूला घेऊन विचारलं, "हे रेझिस्टर कुठून आणलेस? मलाही हवेत." सोनेरी पट्टी म्हणजे पाच टक्के टॉलरन्स, हे मला पोरांपेक्षा जास्त माहीत. पाच टक्के इकडे-तिकडे होणारच, आणि ते का झालं हे लिहिणं म्हणजेच रिपोर्ट, हे मात्र कुणी कधी सांगितलं नव्हतं. नंतर त्यांनी शांतपणे हेही सांगितलं की खोटं रीडिंग लिहिणं इथं कॉपीत धरतात, पुढच्या वेळी वर कळवावं लागेल. त्या रात्री गोदामात खोकी उचलताना कान गरम होते.

त्यानंतर मी चूक आलेली रीडिंग आधी लिहायला लागलो.

त्या सत्रात आणखी एक केलं ते बरं झालं. विभागप्रमुखांना आयटीआयचं सर्टिफिकेट, अप्रेंटिसशिपचं सर्टिफिकेट आणि कंपनीचं अनुभवपत्र दाखवून विचारलं की एखादा विषय परीक्षा देऊन सोडवता येईल का. वायरिंगच्या प्राथमिक विषयाची परीक्षा देऊ दिली. लेखी आणि प्रात्यक्षिक, फी ७५ डॉलर, तीन क्रेडिट वाचले. कुणी आपण होऊन सांगत नाही, विचारावं लागतं.

एसी सर्किट्स २०२४च्या स्प्रिंगमध्ये, म्हणजे जानेवारीत सुरू होणाऱ्या सत्रात, आणि तिथून माझ्या हातांची खरी परीक्षा. एका लॅबमध्ये ट्रेनर बोर्डवर साधं सॉकेट जोडायचं होतं. आपल्याकडे काळी तार म्हणजे न्यूट्रल. लाल-पिवळी-निळी फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ. डोळे मिटूनही हे चुकणार नाही. अमेरिकेत काळी तार जिवंत असते आणि न्यूट्रल पांढरी. पुस्तकात मी हे वाचलं होतं, वहीत लिहिलं होतं, आदल्या आठवड्याच्या क्विझमध्ये बरोबर उत्तरही दिलं होतं. पण बोर्डसमोर बसलो, स्ट्रिपरनं इन्सुलेशन सोललं, आणि हातानं काळी तार उचलून चंदेरी स्क्रूला आवळली. पितळी स्क्रू फेजचा, चंदेरी न्यूट्रलचा. मी सगळ्यांत आधी काम संपवून हात वर केला. सप्लाय देण्याआधी सर तपासून सही करतात. त्यांनी पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि फक्त म्हणाले, "भारतात काळी न्यूट्रल असते ना?" मी मान हलवली. "मग रोज पाच मिनिटं नुसती तार बघत बस." शिक्षा वाटली होती, पण मी खरंच दोन्ही तारांचे तुकडे खिशात ठेवायला लागलो. ब्रेकमध्ये चहा पिताना काढायचे आणि बघायचे.

अशा गोष्टींची यादी करत बसलो तर रात्र जाईल. इथं दिव्याचं बटण वर केलं की चालू. तारेची जाडी आपण स्क्वेअर एमएममध्ये सांगतो, यांचा गेज नंबर वाढला की तार बारीक. आपण स्टार-डेल्टा म्हणतो, हे स्टारला 'वाय' म्हणतात. पहिले दोन तास मला वाटत होतं सर दर वाक्यात 'का?' विचारतायत. होल्डिंग काँटॅक्टला सील-इन. अर्थला ग्राउंड. नवीन शिकणाऱ्या पोरांना हे सोपं, त्यांची पाटी कोरी. मला आधी पाटी पुसायची होती.

त्याच सत्रात प्रीकॅल्क्युलस सोडावं लागलं. गोदामात माणसं कमी झाली, आठवड्याला पन्नास तास भरायला लागले, झोप चार तासांवर आली. पहिल्या परीक्षेत ४१. सोडण्याआधी आर्थिक मदतीच्या खिडकीवर जाऊन विचारलं, ते शहाणपणाचं ठरलं. सत्राचा साठ टक्के काळ संपायच्या आत सगळे विषय सोडले, तर मिळालेल्या ग्रँटचा काही भाग परत करावा लागतो. एकच विषय सोडला तर तसं नाही, पण घेतलेल्या क्रेडिटपैकी साधारण दोन तृतीयांश पूर्ण झाले पाहिजेत असा एक नियम असतो, त्यात तो सोडलेला विषयही मोजतात. कागदावर मांडून पाहिलं, बसत होतं. सोडला. घरी दोन दिवस कुणाला सांगितलं नाही.

त्या वर्षीचा फाफ्साही वेगळाच. एरवी १ ऑक्टोबरला उघडणारा अर्ज नवीन रूपात डिसेंबर २०२३च्या अगदी शेवटी उघडला, तोही सुरुवातीला उघडझाप करत. मुलगी बारावीला, तिचाही पहिला अर्ज. आम्ही दोघं ताईच्या स्वयंपाकघरात एकाच टेबलावर दोन लॅपटॉप घेऊन. तिच्या अर्जात मी पालक, माझ्या अर्जात मी विद्यार्थी. एकदा चुकून मी तिच्या अर्जात माझी माहिती विद्यार्थी म्हणून भरली. "पप्पा, तुम्ही बाजूला व्हा," म्हणाली आणि दोन्ही अर्ज तिनंच संपवले.

प्रीकॅल्क्युलस उन्हाळ्यात परत घेतलं. चार क्रेडिट, उन्हाळ्याला राज्याची मदत बसली नाही म्हणून खिशातून आठशे डॉलर. कॉलेजचं ट्यूटरिंग सेंटर फुकट असतं. पहिल्या दिवशी लाज वाटली, नंतर तिथल्या मुलीला माझी यायची वेळ पाठ झाली. बाकीचं मुलीनं शिकवलं. युनिट सर्कल तिनं पोळीवर काढून दाखवलं, म्हणजे पोळीचे तीस-तीस अंशांचे तुकडे. बायको म्हणाली आधी जेवा, मग शिका. बी मिळाला.

२०२४च्या फॉलमध्ये, म्हणजे सप्टेंबरच्या सत्रात, मशिन्स हा विषय. हा माझा, इथं कुणी हरवणार नाही, या थाटात मिडटर्म दिली. चार पोलच्या मोटरचा सिंक्रोनस वेग, म्हणजे विजेच्या फ्रिक्वेन्सीवरून ठरणारा वेग, काढा. एकशेवीस गुणिले फ्रिक्वेन्सी भागिले पोल. मी सूत्रही लिहिलं नाही, सरळ १५०० लिहिलं. फुल लोडचा वेग १४४०, स्लिप, म्हणजे दोन्ही वेगांतला फरक, चार टक्के. ज्यानं भारतात मोटरी उघडल्यात त्याला १४४० हा आकडा घरच्या फोन नंबरासारखा. पण तिकडे वीज पन्नास हर्ट्झची, इथं साठ हर्ट्झ. सिंक्रोनस १८००, नेमप्लेटवर १७५०. पुढचे तीन उपप्रश्न त्याच आकड्यावर, सगळे गेले. पोराटोरांना पैकीच्या पैकी. शेजारचा माझा जुना डॉमिनिकन जोडीदार म्हणाला, "तू तर यात एक्स्पर्ट ना?" मी म्हटलं, पन्नास हर्ट्झमध्ये.

पीएलसीचं, म्हणजे मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅम करता येणाऱ्या कंट्रोलरचं, थोडं सांगतो, कारण रिलेवर काम केलेल्या प्रत्येकाला हे अडणार. स्टॉपचं पुश बटण एनसी असतं, म्हणजे न दाबता काँटॅक्ट जोडलेला. रिलेच्या ड्रॉइंगमध्ये ते एनसीच काढतो. मी ॲलन-ब्रॅडली या पीएलसीच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्येही एनसीच काढलं, आणि मोटर काही चालू होईना. वायरिंग तपासलं, आउटपुट कार्ड तपासलं, अर्धा तास गेला. मग उजेड पडला. बाहेर बटणाचा काँटॅक्ट जोडलेलाच आहे म्हणून इनपुटवर सिग्नल आधीच आहे. प्रोग्रॅम विचारतो 'सिग्नल आहे का?', म्हणून तिथं एनओसारखं (दाबल्यावरच जोडणाऱ्या बटणासारखं) दिसणारं चिन्ह काढायचं. बटण कसं दिसतं ते विसरा, इनपुटचा दिवा लागलाय का ते बघा. लागला असेल तर एनओचं चिन्ह.

याच विषयाच्या जोरावर २०२५च्या मार्चमध्ये नोकरी बदलली. कॉलेजच्या करिअर ऑफिसनं माझा रेझ्युमे तीनदा परत पाठवला. त्यात मी वडिलांचं नाव, जन्मतारीख आणि 'मॅरिड' असं सगळं लिहिलं होतं, ते आधी काढायला लावलं. एका बेकरीच्या कारखान्यात मेंटेनन्स तंत्रज्ञाची जागा, परत रात्रपाळीच. मुलाखतीत लॅडर डायग्राम, म्हणजे पीएलसीच्या प्रोग्रॅमची शिडीसारखी आकृती, पुढं ठेवून दोष शोधायला सांगितलं. पदवी अर्धी राहिली होती, पण 'शिकतोय' एवढं त्यांना चाललं.

शेवटचं सत्र डिसेंबर २०२५ला संपलं. पदवीचा अर्ज मात्र ऑक्टोबरमध्येच भरायचा असतो, तो विसरू नका. मी भरला, तर संगणक म्हणाला तीन क्रेडिट कमी आहेत. परीक्षा देऊन सोडवलेला तो वायरिंगचा विषय कुणी नोंदवलाच नव्हता. दोन वर्षांपूर्वीचा विभागप्रमुखांचा ईमेल आणि ७५ डॉलरची पावती माझ्याकडे जपून होती म्हणून नऊ दिवसांत निभावलं. पावत्या टाकू नका. खिशातून गेले ते असे: मूल्यमापन, परीक्षा, उन्हाळ्याचे आठशे, पार्ट्सचं किट १३५, पंचवीस डॉलरचा कॅल्क्युलेटर, पुस्तकं आणि त्यांचे ऑनलाइन कोड मिळून सातशेच्या आसपास. जुनी आवृत्ती चालेल का हे प्रोफेसरांना ईमेल करून विचारा. बहुतेक वेळा चालते.

बॅचलरचं अजून ठरलेलं नाही. एनजेआयटी या न्यू जर्सीतल्या विद्यापीठात इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजीची बॅचलर पदवी आहे, माहिती काढून ठेवलीय. मुलगी म्हणते करा. बायको म्हणते आधी झोपा.

परवा भोसरीतल्या जुन्या मित्राचा फोन आला. अजून त्याच शॉपमध्ये आहे. बेकरीत काय काय मशिनरी आहे ते विचारत होता. मी मोठ्या मिक्सरच्या मोटरचं सांगत होतो.

"किती एचपी?"

"पंधरा."

"आरपीएम?"

"सतराशे पन्नास."

पलीकडं जरा वेळ शांतता. मग म्हणाला, "टॅकोमीटर चेक केलास का रे आधी?"